लोण्याची किटली

आजोबांनी निर्णय सांगितला तेव्हा लोर्नाआत्याच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं पातेलं होतं. तिनं ते इतक्या आनंदानं ओट्यावर आदळलं की एक बटाटा उडून पप्पांच्या बुटावर पडला.

"रेडिओवर यंदा ब्रिटा बोलेल," आजोबा म्हणाले. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांचा आवाज खडीवरून फावडं ओढल्यासारखा येतो, त्यामुळे ते एक वाक्य तोंडानं बोलतात आणि बाकीची डोळ्यांनी.

चर्चच्या तळघरातल्या त्या स्वयंपाकघरात सगळ्यांचे हात थांबले. मासा तेवढा रटरटत राहिला.

"आणि मारेन?" बूट पुसत पप्पांनी विचारलं.

"मारेन लोणी वाढेल."

मारेन म्हणजे मी. नोव्हेंबर लागला की सगळं खोरं लुटफिस्क खायला या तळघरात उतरतं, आणि त्या थुलथुलीत पांढऱ्या माशावर वितळवलेलं लोणी ओतत कुणीतरी टेबलांमधून हिंडावं लागतं. पोचे पडलेली निळी किटली, फडक्यात धरलेली. चिल्लीपिल्ली हात पुसायचे कागद वाटतात, त्याच्या वरची ही एक पायरी. इतकी वर्षं आजोबा स्वतः हौसेनं वाढायचे, पण घशापाठोपाठ त्यांचे गुडघेही आता संपावर गेले होते.

"काही हरकत नाही," मी म्हणाले, आणि फडकं असं पिळलं की जणू त्यात कुणाची तरी मान होती.

मध्यावधीच्या आधीच्या शनिवारी आम्ही टोलेफसनांनी सांगायचं आणि मंगळवारी देशानं तसं करून दाखवायचं, अशी आमच्याकडची रीत. अध्यक्षाची निम्मी कारकीर्द सरली की वॉशिंग्टनचं हाउस, म्हणजे तिथली लोकसभा, नव्यानं निवडलं जातं. ते हत्तीवाल्या रिपब्लिकनांकडे राहणार की गाढववाल्या डेमोक्रॅटांकडे जाणार, हे निल्स पणजोबा दूधसंघाच्या धक्क्यावर उभे राहून सांगायचे. त्यांच्यामागून आजोबा रेडिओवरून सांगू लागले. आमच्या मतदारसंघाची जागा ज्याची, हाउस त्याचं, हे गणित आजवर मोडलेलं नाही. आणि आमचं खोरं कुठं कलंडतंय हे आजोबांच्या नजरेतून कधी सुटलेलं नाही. ते कसं ओळखतात, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता त्यांना रेडिओवर बोलता येत नव्हतं, म्हणजे शब्द खाली उतरणार होता. तो माझ्यावर उतरावा म्हणून मी उन्हाळाभर गोठ्यात वासरांपुढं भाषण घोटलं होतं. शाळेच्या वादविवादात जिल्ह्यात पहिली आले होते. वासरंसुद्धा माझ्या बाजूची होती.

आणि शब्द उतरला कुणावर, तर मॅडिसनच्या विद्यापीठातून कालच आलेल्या, आल्या आल्या सगळ्यांच्या गळ्यात पडलेल्या, केस कापूनही सुंदरच दिसणाऱ्या आत्याच्या मुलीवर.

ती आली तीच लॅपटॉप छातीशी धरून. "आजोबा, शेवटचे आकडे आले. गाढवं घेतायत हाउस. शंभरदा निवडणूक घेतली तर जवळजवळ ऐंशीदा गाढवं."

"आम्ही एकदाच घेतो बाई," पप्पा म्हणाले.

"मामा, हे संभाव्यतेचं असतं."

"असेल. पण आपल्या खोऱ्याचं काय म्हणतं तुझं यंत्र?"

"खोऱ्यात तर मी स्वतः फोन केलेत. सगळ्यांना. सगळे इतके गोड बोलले. ऑर्विलकाका म्हणाले, 'तुझं काम मोठं चांगलं आहे, पोरी.' कुणी एकानंसुद्धा नाही म्हटलं नाही."

"तुझ्या गाडीवर गाढवाचं केवढं चित्र आहे," पप्पा म्हणाले. "तुला नाही म्हणायला आमच्यातला माणूस आधी मरावा लागेल."

"डेल," आत्या म्हणाली, "तुला जळायचं असेल तर चुलीशी उभं राहून जळ. तिथं उजेडाची गरज आहे."

पप्पा हसले नाहीत. खरं म्हणजे त्यांना माइकचं काडीचं प्रेम नव्हतं. सोळाव्या वर्षी आजोबांनी त्यांना पहिल्यांदा रेडिओपाशी शेजारच्या खुर्चीवर बसवलं, तेव्हा 'सुप्रभात' एवढंच बोलून त्यांची वाचा बसली होती. आणि ते दुपारी. तरी त्यानंतर कितीतरी खेपा त्या खुर्चीत तेच बसले, कारण आजोबा म्हणायचे म्हणून. माझ्यासाठी ती खुर्ची त्यांना हवी होती ती आत्याच्या लेकीला मिळू नये म्हणून, आणि असं वाटतंय याची त्यांना लाजही वाटत होती. हे सगळं ते बटाटे कुस्करताना त्यांच्या मानेवर दिसत होतं.

आत्याचं दुःख वेगळं. पप्पा खुर्चीत बसायचे तेव्हा ती याच ओट्याशी बटाटे सोलायची, आणि रेडिओवर आजोबा काय सांगणार ते तिला आधीच ठाऊक असायचं. ती त्यांना तसं एकदा म्हणालीही होती. त्यावर आजोबा म्हणाले होते, "बटाटे गार होतायत, लोर्ना." ते वाक्य तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि आज तिची मुलगी तिचा हिशेब चुकता करणार होती.

दारं उघडली. माणसं खाली उतरू लागली. अंगावर गाईगुरांचा आणि साबणाचा मिसळलेला वास, डोक्यावर शिकारीच्या केशरी टोप्या, त्या जिन्यातच काढून हातात घेतलेल्या. मी किटली उचलली.

सांगायला हरकत नाही, पहिली काही टेबलं मी नुसत्या रागानं वाढली. "थोडंसंच" असं म्हणणाऱ्याला मी खरोखर थोडंसंच वाढलं, आणि हे आमच्याकडे जवळजवळ शिवी दिल्यासारखं आहे. 'थोडंसंच' दोनदा म्हणू द्यायचं आणि मग भरपूर ओतायचं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

मधल्या लांब टेबलाशी ब्रिटा बसली होती. ते टेबल जुन्या गाढववाल्यांचं. ऑर्विल, त्याची बायको व्हर्ना, त्यांचे दूधवाले शेजारी; आजोबांच्या आजोबांपासून एकाच चिन्हाला चिकटलेली माणसं. आणि ती सगळी ब्रिटाला भरवत होती. दुसरा शब्दच नाही. एकानं माशाचा मधला घट्ट तुकडा तिच्या ताटात सरकवला, दुसऱ्यानं लेफ्सा, म्हणजे आमच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, लोणी-साखर लावून, गुंडाळून तिला दिला, तिसऱ्यानं मीटबॉलचं भांडं तिच्याच पुढं आणून ठेवलं. ती "पुरे, पुरे" म्हणत हसत होती आणि ताटाचा डोंगर होत होता.

मी तेरा वर्षांची असताना त्याच टेबलाशी बसले होते, तेव्हा ऑर्विलनं माझ्या ताटातला लेफ्सा स्वतःचा समजून खाल्ला होता.

मी अशी काही पेटले की किटलीतलं लोणी गार झालं असतं तरी पुन्हा वितळलं असतं.

"लोणी, ब्रिटाताई?" मी विचारलं. ताई मी तिला कधीच म्हणत नाही.

"मारेन, तू ये ना इथं बस. बघ, ही माणसं मला मारणारेत."

"मी कामावर आहे."

तिचा चेहरा जरासा उतरला. मला जरासं बरं वाटलं.

आत्या वाढायच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. तिला दिसत होतं ते असं: तिची लेक राणीसारखी बसलीय आणि खोरं तिच्या पाया पडतंय. आयुष्यात पहिल्यांदा तिनं भावाला म्हटलं, "डेल, तू बस थोडा, मी करते," आणि त्याच्या हातातलं घोटणं काढून घेतलं. जिंकलेल्या माणसाला असं दयाळू होता येतं.

मी व्हर्नापाशी पोचले तेव्हा ऑर्विल तिच्या ताटात मासा वाढत होता. हळुवार, हाड काढून.

"वाढ गं," व्हर्ना मला म्हणाली, मग माझ्या कानाशी वाकली. "याच्याकडे बघितलंस? दुसऱ्यांदा वाढतोय मला. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरी पाण्याचा पेला पुढं करत नाही. मागं एकदा असा वाढायला लागला होता, तेव्हा मला न विचारता मधला ट्रॅक्टर विकून आला होता."

"आता काय विकलं?"

"तेच तर. गोठ्यात जाऊन बघून आले. सगळं जागेवर आहे."

मी हसले. किटली वाकडी केली. लोणी माशावर पडलं, ताटाच्या कडेपर्यंत गेलं, आणि मी ती तशीच धरून उभी राहिले.

"अगं बास," व्हर्ना म्हणाली.

सगळं जागेवर आहे, तरी ऑर्विल वाढतोय. आणि एकटा ऑर्विल नाही. त्या टेबलावर प्रत्येक जण शेजाऱ्याला वाढत होता. भांडी पुढं सरकत होती, कुणी स्वतःच्या हातानं घेत नव्हतं. "तू आधी." "नाही, तू." कोपऱ्यातला एक म्हातारा तर टोपलीतला शेवटचा लेफ्सा तीन माणसांना देऊन बघत होता.

मी वळून भिंतीकडच्या टेबलाशी गेले. ते पिढीजात हत्तीवाल्यांचं. तिथं कोपरं टेबलावर, हात एकमेकांच्या ताटांवरून आडवे जातायत, "ते भांडं इकडं ढकल रे", आणि तोंडात घास असताना हरणांच्या गप्पा. कुणी कुणाला वाढत नव्हतं. कुणाच्या मनावर काही ओझं नव्हतं.

आमची माणसं कबुली देत नाहीत. ती वाढतात. कुणाच्या पाठीमागं काही केलेलं असलं, किंवा मंगळवारी करणार असली, की त्याच्या ताटात मासा येतो. आणि त्या टेबलावर सगळ्यात मोठं ताट कुणाचं होतं? जिनं फोन करून करून त्यांच्याकडून शब्द घेतला होता तिचं.

हे मला एकदम कळलं, आणि इतका आनंद झाला की तो कसला आनंद आहे हे बघायची मी घाई केली नाही.

आजोबा कॉफीच्या मोठ्या पिंपाशी खुर्ची टाकून बसले होते. किटली भरायच्या निमित्तानं मी तिथं गेले. ते ब्रिटाच्या ताटाकडे बघत होते. ओठाच्या कोपऱ्यात इतकंसं हसू.

"आजोबा," मी म्हणाले, "ब्रिटाचं ताट बघितलंत?"

त्यांनी मान हळूच माझ्याकडे वळवली.

"तुला कळलं."

"हत्ती," मी म्हणाले. "आपली जागा हत्तींना जातेय. म्हणजे हाउसही त्यांच्याकडेच राहणार."

"हळू बोल."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तुम्ही स्वतः लोणी वाढायचात. निल्स पणजोबाही धक्क्यावर लोकांना हेच वाढायचे का?"

"ताक," आजोबा म्हणाले. "लोणी माझं."

"मग तुम्ही किटली मला कशी दिलीत?"

"तुझं लक्ष तुझ्याकडेच असतं," ते म्हणाले. "वाटलं, तुला दिसणार नाही."

हे मला लागलं. पण विचारायचं मोठं होतं. "आणि ब्रिटा? ती आता सगळ्यांसमोर गाढव म्हणणार. तिला सांगितलं का नाहीत?"

"तिनं विचारलं नाही." खडी सरकली. "तिच्याकडे यंत्र आहे."

तेव्हा मी आजोबांना पहिल्यांदा बघितलं. म्हणजे रोज बघते, पण असं नाही. ब्रिटानं लॅपटॉप उघडल्यापासून सगळे तिच्या पडद्यावर ओणवले होते, पप्पासुद्धा टोमणे मारत मारत. आजोबांना काय वाटतं हे कालपासून कुणीच विचारलं नव्हतं. म्हणून माइक तिला. पडायला उंच जागा लागते.

"तू तरी कुठं सांगतेयस?" ते म्हणाले. "बस इथं. कॉफी घे. बुधवारी सगळे पुन्हा आपल्याकडे येतील. चार वर्षांनी तू बोल. मी शिकवीन तुला."

काय सांगू, मी बसले. पिंपाशेजारचं ते स्टूल फार सोयीचं होतं. रेडिओवाला कर्ट वायरी सोडत जिन्यावरून उतरत होता, खिरीच्या वाट्या फिरायला लागल्या होत्या, आणि वासरांपुढचं माझं सगळं भाषण मला चार वर्षांपुढं ऐकू येत होतं. करायचं काहीच नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

तेवढ्यात ब्रिटा आली. हातात बशी. बशीत तिच्या डोंगरातला माशाचा मधला तुकडा, आणि दोन लेफ्से, गुंडाळून, साखर जास्त घातलेले, मला आवडतात तसे.

"तू सकाळपासून उभी आहेस," ती म्हणाली. "खा." बशी माझ्या मांडीवर ठेवली, पण गेली नाही. काटा सरळ केला. मग कागद दिला हात पुसायला. मग म्हणाली, "आणखी आणू?"

मी बशीकडे बघितलं. आजोबांनीही बघितलं.

म्हणजे तिलाही वाटत होतं. माइक आपण घेतला, तो हिचा होता, हे तिला सकाळपासून टोचत होतं, आणि मॅडिसनला चार वर्षं राहून आलेली ही शहाणी बाई शेवटी खोऱ्यातलीच होती. तोंडानं सांगता आलं नाही, म्हणून वाढत होती.

मी उठले. "तुझं चुकतंय, ब्रिटा. आपलं खोरं हत्तीकडे चाललंय."

"काय?"

"हाउस हत्तींकडेच राहणार. गाढव म्हणू नकोस."

तिनं आधी माझ्याकडे बघितलं, मग कर्टच्या माइककडे, मग परत माझ्याकडे. आवाज एकदम गार. "आत्ता? आत्ता सांगतेस हे? तू जळतेयस, मारेन. काल मी आले तेव्हापासून."

"हो, जळतेय," मी म्हणाले. "उन्हाळ्यापासून. तरी हत्तीच."

"माझ्याकडे आकडे आहेत."

"तुझ्याकडे ताट आहे. जाऊन बघ. ऑर्विलनं तुला किती वेळा वाढलं? आता व्हर्नाच्या ताटात बघ, आणि मग भिंतीकडच्या टेबलावर बघ, कोण कुणाला वाढतंय." मी जरा थांबले, कारण पुढचं बोलायला मला वाटलं होतं तेवढी मजा येत नव्हती. "ती माणसं तुझ्यावर खूश नाहीयेत गं. तुझी माफी मागतायत."

तिची मान वळली. मधल्या टेबलावर ऑर्विलनं तिच्या रिकाम्या खुर्चीपुढं खिरीची वाटी ठेवली होती, आणि आता तो स्वतःच्या वाटीतला बदाम काढून तिच्या वाटीत टाकत होता. खिरीत एकच बदाम असतो. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याचं वर्ष चांगलं जातं, आणि आमच्याकडे तो कुणी कुणाला देत नाही.

ब्रिटाचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. "सगळेच?" तिनं विचारलं. लहान मुलीसारखं.

"बहुतेक."

कर्टनं हाक मारली. ती गेली.

कर्टनं माइकमध्ये फुंकर मारली. "तर मंडळी, यंदा टोलेफसनांची नवी पिढी. बोल, ब्रिटा. हाउस कुणाचं?"

आत्या खिडकीतून बाहेर अर्धी लोंबकळत होती. पप्पांनी घोटणं छातीशी धरलं होतं.

"हत्तींचं," ब्रिटा म्हणाली.

आत्याच्या हातातून डाव पडला. कर्टनं डोळे मिचकावले. "तुझ्या कॉम्प्युटरचं म्हणणं आहे हे?"

"नाही. कॉम्प्युटर गाढव म्हणतो." तिनं श्वास घेतला. "माझं ताट हत्ती म्हणतं."

भिंतीकडचं टेबल हसलं, काही न कळता. मधलं टेबल हसलं नाही. ऑर्विल चमच्याकडे बघत राहिला, त्याचे कान टोपीच्या रंगाचे झाले, आणि व्हर्नानं आपल्या ताटातल्या माशाकडे आणि मग नवऱ्याकडे अशी नजर टाकली की ट्रॅक्टर विकला तेव्हासुद्धा टाकली नसेल. मंगळवार यायचा होता, पण तळघराला त्याची काही गरज उरली नव्हती.

इतकं चांगलं वाक्य. आणि तेही तिलाच सुचावं. मी पुन्हा पेटले, खरंच सांगते. ताट वाचलं मी, किटली माझी, आणि सगळं खोरं आता पुढची चार वर्षं ब्रिटाचं वाक्य घोळवणार.

आत्या मात्र ब्रिटाकडे बघत नव्हती. ती आजोबांकडे बघत होती. त्यांचं ओठाच्या कोपऱ्यातलं हसू कुठंतरी गळून पडलं होतं, आणि तिथं जे उरलं होतं ते तिनं ओळखलं. 'बटाटे गार होतायत' असं आजोबा म्हणाले तेव्हा, बटाट्यांच्या वाफेतून, हाच चेहरा तिला दिसला होता, आणि इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की आपलं चुकलं म्हणून बाबा तसं बोलले.

ती फडक्याला हात पुसत बाहेर, पिंपापाशी आली. "बाबा, माझंही तेव्हा बरोबरच होतं ना?"

आजोबांनी उठायचा प्रयत्न केला, पिंपाच्या तोटीखाली पेला धरला, कॉफी भरली, आणि तो पेला तिच्यापुढं केला.

आत्यानं पेल्याकडे बघितलं. घेतला. "साखरही घाला," ती म्हणाली.

पप्पा एवढ्या मोठ्यानं हसले की कर्टनं घाईनं माइक बंद केला.

मग आजोबा माझ्याकडे वळले आणि किटलीसाठी हात पुढं केला. सवयीचा हात, इतक्या वर्षांचा. किटलीच्या कडीपर्यंत तो आलाही.

मी किटली दुसऱ्या हातात घेतली.

"राहू दे, आजोबा," मी म्हणाले. "अजून मागची टेबलं व्हायचीत." आणि जाता जाता, माझ्या बशीतला एक लेफ्सा मी त्यांच्या मांडीवर ठेवला.